धुरी सरांच्या चाळीस प्लेटा

धुरी सरांवर दोन पानं लिहून द्या, असा निरोप आमच्या संस्थेच्या ऑफिसातून तीनदा आला. सर गेल्या वर्षी गेले, त्यांच्या नावानं छोटीशी स्मरणिका काढायचं चाललंय. "मॅडम, तुमच्याइतकं जवळून त्यांना कोणी बघितलं नाही," असं ऑफिसातल्या बाई फोनवर म्हणाल्या. मी लिहिलीही दोन पानं. सर किती साधे होते, किती विद्वान होते, कोरा चहा कसा प्यायचे. वाचून बघितलं आणि माझी मलाच किळस आली. फाडून टाकलं. आता हे लिहितेय. छापायचं तर छापा, नाहीतर राहू द्या.

सदानंद धुरी हा भौतिकशास्त्राचा माणूस. वडील परळच्या गिरणीत, लहानपण नायगावच्या बीडीडी चाळीत. सगळा जन्म त्यांनी एकाच प्रश्नामागे घालवला: एकेकटी सरळ वागणारी वस्तू गर्दीत शिरली की भलतंच का वागते? तरुणपणी त्यांनी हा प्रश्न वाळूच्या कणांना विचारला. निवृत्तीनंतर जिवंत जंतूंना विचारायचा म्हणून ते परळला आमच्या गटात यायला लागले. पगार नाही, खोली नाही, खिडकीजवळचं एक टेबल. आमचा गट म्हणजे भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि मशीन लर्निंग यांचं कडबोळं. प्रत्येकाला वाटायचं, बाकीच्या दोघांना काही कळत नाही. सरांना मात्र वाटायचं की आपल्यालाच कळत नाही, आणि त्याचा त्यांना केवढा आनंद!

मी मशीन लर्निंगवाली, म्हणजे कॉम्प्युटरला उदाहरणं दाखवून शिकवणारी. गिरगावात वाढलेली, घरात दोन पिढ्या प्राध्यापक, परदेशातून शिकून आलेली आणि त्याची घमेंड नाकावर घेऊन फिरणारी. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "केतकी, चमचाभर दह्यात जंतू किती?"

मी फोन काढला. त्यांनी फोनवर पंजा ठेवला.

"फोनला नाही गो विचारलं. तुला विचारलंय."

मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. चमचा केवढा, जंतू केवढा, त्यातलं पाणी किती. माझं उत्तर हजारपटीनं चुकलं. "उत्तम!" म्हणाले. "आता कुठे चुकलीस ते शोध. बरोबर आलं असतं तर काहीच शिकली नसतीस." मला तेव्हा हा म्हातारा भारी आगाऊ वाटला होता. खोटं कशाला बोलू?

जंतूंना ते "पोरं" म्हणायचे. "आज पोरं काय म्हणतायत?" असं विचारत सकाळी आत शिरायचे. कोणी "मॉडेल हे शिकलं" असं म्हटलं की मान वर करून ठरलेला प्रश्न टाकायचे, "पाठ केलं की समजलं?" हा प्रश्न मला दिवसातून चार वेळा ऐकावा लागायचा, आणि चारही वेळा माझं डोकं उठायचं.

आमचा प्रश्न असा होता. प्लेटमध्ये जंतू वाढतात, सुरुवातीला मोकळे पोहत असतात. काही प्लेटांमध्ये ते दुसऱ्या दिवशीही पोहतच राहतात. काहींमध्ये एकमेकांना चिकटून जाड थर धरतात, आणि एकदा थर धरला की औषध आत शिरत नाही. पहिल्या तासाचा फोटो बघून सांगायचं की ही प्लेट थर धरणार की नाही. जवळच्या हॉस्पिटलच्या लॅबमधली नसरीन प्लेटा लावायची, फोटो काढायची, आणि दुसऱ्या दिवशी काय झालं ते लिहून ठेवायची.

सरांकडे यावर एक समीकरण होतं. सात वर्षं त्यावर घासत होते. अख्खं समीकरण एका ओळीत मावायचं. त्याचा उगम ते लालबागचा सांगायचे. विशीत असताना गणपतीत ते रांगेचा दोर धरून उभे राहायचे, कार्यकर्ते म्हणून. "माणूस चालत असला की दाटी होत नाही," ते सांगायचे. "कुठेतरी थोडी दाटी झाली की चाल मंदावते. चाल मंदावली की मागचे येऊन आदळतात, दाटी वाढते. मुद्दाम कोणी थांबत नाही गो, तरी सगळे थांबतात. पोरांचं तेच आहे. गर्दी किती आणि वेग किती, एवढंच मला सांग. पुढचं मी सांगतो." हे सांगताना ते हातातला नसलेला दोर खरोखर ओढून धरायचे, आणि नसरीन हसून हसून लोळायची.

आता फळ्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं.

सरांनी गटात एक पद्धत पाडली होती. कुठल्याही मॉडेलची परीक्षा शुक्रवारी व्हायची. परीक्षेच्या प्लेटा वेगळ्या, मॉडेलनं कधी न पाहिलेल्या. त्यांचे फोटो आणि निकाल नसरीन एका पेनड्राइव्हवर घालून लिफाफ्यात द्यायची. तो लिफाफा उघडायच्या आधी प्रत्येकानं फळ्यावर आपला अंदाज लिहायचा: किती बरोबर येतील, आणि का. खाली नाव. "निकाल बघून भाकीत करायला ज्योतिषी आहेत की," सर म्हणायचे. "आपण आधी तोंड उघडायचं, मग लिफाफा." ज्याचा अंदाज फसेल त्यानं फळ्याच्या कोपऱ्यात स्वतःच्या हातानं "अमुक चुकला" असं लिहायचं, आणि ते आठवडाभर पुसायचं नाही. सगळ्यात जास्त वेळा त्या कोपऱ्यात काय लिहिलेलं असायचं? "धुरी चुकला." बाहेरचे पाहुणे आले की सर कौतुकानं त्यांना तो कोपरा दाखवायचे.

लिफाफा बंद करायची पद्धत नव्हती. मी एकदा विचारलंही होतं. "डिंक कशाला?" ते म्हणाले. "आपण काय चोर आहोत?"

त्या वर्षी माझी फेलोशिप संपत आली होती. हातात नाव घेण्यासारखा एक शोधनिबंध नव्हता. माझं मॉडेल दीड वर्ष गिळून बसलं होतं. त्याची चाळीस प्लेटांवर परीक्षा शुक्रवारी ठरली. गुरुवारी दुपारी नसरीन लिफाफा घेऊन आली. सर मोतीबिंदू दाखवायला गेले होते, म्हणून तिनं तो माझ्या हातात दिला. "सरांच्या ड्रॉवरमध्ये ठेव हां," म्हणाली आणि गेली.

मी ठेवला. पाच मिनिटांनी काढला. फक्त एकदा बघते, असं मनाशी म्हटलं.

पेनड्राइव्ह लावून माझं मॉडेल चालवलं. चाळीसपैकी सव्वीस बरोबर. आणि सरांचं ते एका ओळीचं समीकरण त्याच चाळीस प्लेटांवर सत्तावीस देत होतं, तेही मी बघितलं. दीड वर्षाचं माझं काम म्हाताऱ्याच्या पेन्सिलीपेक्षा एकानं कमी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मॉडेलमध्ये थोडा बदल केला आणि पुन्हा चालवलं. मग पुन्हा. काय बदललं की आकडा वर जातो हे बघत, अकरा वेळा. अकराव्यांदा सदतीस आलं. शाळेतलं पोरही सांगेल की याला काय म्हणतात. पेपर आदल्या दिवशी घरी नेऊन सोडवला, दुसरं काय? माझं मॉडेल त्या चाळीस प्लेटा पाठ करून बसलं होतं, आणि ती घोकंपट्टी मी करून घेतली होती.

लिफाफा ड्रॉवरमध्ये ठेवला. चार वाजता सर आले, डोळ्यांत थेंब घातलेले, बाहुल्या मोठ्या झालेल्या. "काय गो, तयारी झाली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बघू सर, उद्या."

शुक्रवारी फळ्यावर सरांनी स्वतःच्या समीकरणासाठी तीस लिहिले, माझ्या मॉडेलसाठी पंचवीस. नसरीननं माझ्या मॉडेलसाठी सत्तावीस लिहिले. मी छत्तीस लिहिले. सदतीस नाही लिहिले. तेवढी अक्कल होती. कारणाच्या जागी लिहिलं: "कडेचा पोत निर्णायक." मनात आलं ते ठोकून दिलं.

लिफाफा उघडला. सरांचे सत्तावीस. माझे सदतीस.

सर उठून उभे राहिले. मला वाटलं आता "पाठ केलं की समजलं?" येणार, आणि उत्तरही मी तयार ठेवलं होतं. पण ते टाळ्या वाजवायला लागले. एकटेच, उभ्यानं. "आधी लिहिलं होतं हां तिनं!" नसरीनकडे वळून म्हणाले. "छत्तीस! आधी लिहिलं होतं! म्हणजे हिला नुसतं चालवता येत नाही, कळलंय. केतकी, माझ्या सात वर्षांच्या डोक्यात जे आलं नाही ते तुला दिसलं." मग कोपऱ्यात जाऊन त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, "धुरी चुकला." मी खाली मान घालून पेनड्राइव्ह लिफाफ्यात परत घालत बसले. सगळ्यांना वाटलं, लाजले.

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की तो आता गुळगुळीत झालाय. सांगितलं नाही, हे खरं.

सोमवारी सरांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्यांच्या समीकरणाचा शोधनिबंध एका मासिकानं जवळजवळ स्वीकारला होता, किरकोळ दुरुस्त्या बाकी होत्या. तो मागे घेतो, असं संपादकांना लिहिलेलं पत्र होतं ते. अधिक खोल काहीतरी आमच्या तरुण सहकारी बाईंना सापडलं आहे, ते समजून घेतल्याशिवाय माझं अर्धवट छापणं योग्य नाही, असा मजकूर.

"जरा इंग्रजी बघ गो," म्हणाले. "तुझं चांगलं आहे."

मी बघितलं. एका जागी स्वल्पविराम घातला, एक शब्द बदलला. "आता छान झालं सर," म्हटलं. त्यांनी माझ्याच कॉम्प्युटरवरून ते पाठवलं. माणूस आपल्या हातानं आपलं सात वर्षांचं काम बुडवत होता आणि मी त्याचं व्याकरण तपासत होते. याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. माझ्याकडे जे शब्द आहेत ते स्मरणिकेत छापण्यासारखे नाहीत.

माझा शोधनिबंध मोठ्या मासिकात आला. त्यात नाव घालू का म्हटलं तर सर म्हणाले, "मी काय केलं? चुकलो तेवढा." मला नोकरी लागली, पुढे गटाची प्रमुखही झाले. मी जागोजागी व्याख्यानं देत हिंडले. आणि सर? सरांनी त्या चाळीस प्लेटांचे मोठे छाप काढून घेतले, एका जाड फाइलमध्ये लावले, आणि भिंग घेऊन बसले. मशीनला त्यात काय दिसलं, ते त्यांना शोधायचं होतं.

पाच वर्षं ते शोधत होते. नसलेली वस्तू, पाच वर्षं.

दर दोन-तीन दिवसांनी माझ्या दाराशी यायचे. "कडेचा पोत म्हणालीस ना? म्हणजे बाहेरची कड की आतली?" मी काहीतरी सांगायचे. आतली सर. मग ते चाळीसही छापांवर आतली कड पेन्सिलीनं गिरवायचे, मोजायचे, आलेख काढायचे, आणि आठवड्यानं परत. "नाही जुळत. आणखी काही असेल." एकदा फार थकले होते. खुर्चीत बसून डोळे चोळत म्हणाले, "माका काय ता दिसणा नाय गो." मालवणी त्यांच्या तोंडून फार क्वचित यायची, एरवी चारचौघांत पुस्तकी मराठी. मी फोन आल्याचं नाटक करून बाहेर गेले आणि जिन्यात उभी राहिले.

मग पत्रं यायला लागली. तुमचं मॉडेल आमच्या प्लेटांवर चालत नाही. मी उत्तर द्यायचे, तुमचा कॅमेरा वेगळा असेल, प्रकाश वेगळा असेल. एका परिषदेत एका तरुण संशोधकानं उभं राहून सरळ विचारलं, परीक्षेच्या प्लेटा आधी बघितल्या नव्हत्या कशावरून? मी तोंड उघडायच्या आधी मागच्या रांगेतून सर उठले. काठी टेकत. "तिचा अंदाज निकालाआधी फळ्यावर लिहिलेला होता," म्हणाले. "मी साक्षीला होतो. बसा." तो बिचारा बसला. नंतर जेवताना सरांनी माझ्या ताटात स्वतःची जिलबी ठेवली. "मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाले. ती जिलबी मी खाल्ली. माझा तो निबंध मी आता मागे घेतलाय, तसं पत्र गेलंय. पण ते आज. त्या दिवशी मी जिलबी खाल्ली.

त्यानंतर काही महिन्यांनी नसरीननं माझं मॉडेल तिच्या नव्या प्लेटांवर स्वतः चालवलं. चाळीसपैकी एकवीस. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. मला तिनं फोन करून आकडा सांगितला आणि फोन ठेवला. सरांना सांगितलं का, हे मी तिला विचारलं नाही. ती त्यांच्याकडे अधूनमधून जायची, एवढं मला माहीत होतं.

तोवर सरांचे गुडघे गेले होते, परळपर्यंत येणं बंद झालं होतं; संध्याकाळी काठी घेऊन घराजवळच्या मैदानाला एक फेरी, तेवढंच चालणं उरलं होतं. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी मालतीकाकू राहायचे. एक दिवस त्यांचा फोन आला, आवाज एकदम तरतरीत. "गावला गो!" म्हणाले. "ये."

गेले. त्यांनी एक लिफाफा माझ्या हातात दिला. नसरीनकडून चाळीस नव्या प्लेटांचे पहिल्या तासाचे फोटो मागवून घेतले होते. "मशीनला काय दिसलं ते मला सापडलंय असं वाटतं. या चाळीसांचे माझे अंदाज आत लिहिलेत. नसरीनचे निकाल आले की तू जुळव, आणि किती बरोबर ते येऊन सांग." लिफाफ्याला चारही बाजूंनी सेलोटेप लावलेली होती. मी ते बघितलं. म्हातारपणी माणूस जपून वागायला लागतो, असं वाटून सोडून दिलं.

आठवड्यानं निकाल आले. लिफाफा माझ्या पर्समध्ये होता. मी तो उघडला नाही. उघडून काय बघणार होते? जे नव्हतंच ते सापडणार कसं? आत एकवीस किंवा एकोणीस निघणार, आणि ते मला त्यांच्या तोंडावर सांगावं लागणार. या वयात कशाला त्यांना दुखवायचं, असा मी विचार केला. बघा, किती दयाळू झाले होते मी! खोटं बोलायची सवय लागली की माणूस त्याला माया म्हणायला लागतो.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. काकूंनी कोकम सरबत दिलं. सर खुर्चीत, मांडीवर ती जाड फाइल.

"जुळवलंस?"

"हो सर."

"उघडलास लिफाफा?"

"हो."

"किती?"

"पस्तीस," मी म्हटलं. "चाळीसपैकी पस्तीस, सर. कमाल केलीत."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. प्लेटकडे बघायचे तसे, डोळे बारीक करून.

"बरं," म्हणाले. मग फाइल मिटून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "सरबत घे. गरम होईल."

मी पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून निघाले. पार्काच्या कट्ट्यावर जागा बघून बसले. नेटमध्ये मुलांची प्रॅक्टिस चालली होती. का कोण जाणे, आता तो लिफाफा उघडावासा वाटला. सेलोटेप दातांनी तोडली.

आत एकच कागद. सरांच्या अक्षरात एक ते चाळीस आकडे, नीट एकाखाली एक. समोर काही नाही. चाळीसही जागा कोऱ्या. खाली सही.

सर विसरलेले नव्हते. त्यांचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होतं. माझी परीक्षा घ्यायची होती त्यांना, आणि ती मी पस्तीस मार्कांनी दिली होती.

मी मान वर केली तर समोरून तेच येत होते. संध्याकाळच्या फेरीला, एकटे, काठी घेऊन, कडेकडेनं. त्यांनी मला बघितलं. माझ्या हातातला उघडलेला कागदही बघितला. थांबले नाहीत. काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात जरा वर केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा, आणि पुढे गेले.

मैदानाला फेरी घालून ते परत याच जागेवरून जाणार होते. त्यांच्या चालीनं अर्धा तास. तेवढा वेळ त्यांनी मला दिलाय, हे मला कळलं. मी बसून राहिले. काय बोलायचं ते मनात जुळवलं, पहिलं वाक्य तर अगदी ओठांवर होतं. मग लांबून, दिव्यांखालून त्यांचा पांढरा सदरा येताना दिसला, आणि मी उठून रस्ता ओलांडला.